दुबईच्या नोकरीचं वर्क परमिट, 'फ्री व्हिसा' आणि बेकायदा कामाचे दंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'दुबईला चाललोय' म्हणणारा माणूस पुष्कळदा शारजाला, अजमानला किंवा अबुधाबीला निघालेला असतो. फरक फारसा पडत नाही. फ्री झोन, म्हणजे स्वतःचं वेगळं प्राधिकरण असलेली व्यापारी क्षेत्रं, सोडली तर संयुक्त अरब अमिरातीतल्या सातही अमिरातींत खासगी नोकरीचे मूळ नियम एकच आहेत आणि परवाना देणारं मंत्रालयही एकच, मानव संसाधन व अमिरातीकरण मंत्रालय. तिथले कामगार त्याला नुसतं 'लेबर' म्हणतात. खालचे प्रश्न जायच्या आधी विचारले गेले तर उपयोगाचे. बहुतेक जण ते तिथे अडकल्यावर विचारतात.

वर्क परमिट आणि व्हिसा एकच ना?

नाही, आणि निम्मे घोटाळे याच गैरसमजातून होतात. व्हिसा म्हणजे त्या देशात राहण्याची परवानगी, ती इमिग्रेशन खातं देतं. दुबईत हे काम जीडीआरएफए करतं, बाकीच्या अमिरातींत आयसीपी. वर्क परमिट म्हणजे काम करण्याची परवानगी, ती कामगार मंत्रालय देतं आणि तिच्यावर एका विशिष्ट कंपनीचं नाव असतं. तुमच्याकडे खरा, चालू व्हिसा असला तरी परमिट दुसऱ्या कंपनीच्या नावचं असेल, तर तुम्ही जिथे राबताय ते काम बेकायदाच.

क्रम साधारण असा : कंपनी ऑफर लेटर देते, तुम्ही सही करता, परमिटला मंजुरी मिळते, मग नोकरीचा एंट्री परमिट निघतो. त्यावर देशात शिरलात की ६० दिवसांत मेडिकल, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी आणि रहिवासाचं काम पुरं करायचं असतं. मेडिकलमध्ये एचआयव्ही आणि क्षयरोग तपासतात. पूर्वी पासपोर्टात रहिवासाचा स्टिकर लागायचा, तो २०२२ मध्ये बंद झाला. आता एमिरेट्स आयडी, म्हणजे कामगारांच्या तोंडचा 'पताका', हाच रहिवासाचा पुरावा. साधारण परमिट दोन वर्षांचं असतं.

परमिट मी स्वतः काढू शकतो का?

नेहमीच्या नोकरीचं नाही. अर्ज कंपनीच करते. फ्रीलान्स परमिटसारखे स्वतःच्या नावाचे प्रकार आहेत, पण मजूर, ड्रायव्हर, सेल्समन, वेटर यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. 'तुझं परमिट मी काढून देतो, कंपनी नंतर बघू' असं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला दुसरंच काही विकतोय. ते काय, ते पुढे येईलच.

फ्री झोनमधल्या कंपन्यांची परमिटं त्या त्या झोनचं प्राधिकरण देतं. दुबईतलं डीआयएफसी आणि अबुधाबीतलं एडीजीएम या दोन आर्थिक झोनचा कामगार कायदाही स्वतंत्र आहे.

एजंट लाखभर रुपये मागतोय. व्हिसाचा खर्च कोणी करायचा?

मालकाने. अमिरातीचा कामगार कायदा, म्हणजे २०२१ चा फेडरल डिक्री-कायदा क्रमांक ३३ (लागू २ फेब्रुवारी २०२२ पासून), सरळ सांगतो की भरतीचा आणि कामावर घेण्याचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही, थेट नाही आणि आडमार्गानेही नाही. 'आधी आम्ही भरतो, मग पगारातून दरमहा कापू' हा आडमार्गच झाला.

परमिटसाठी सरकार कंपनीकडून घेतं ती फी कंपनीच्या वर्गवारीवर ठरते. नियम पाळणाऱ्या, वरच्या वर्गातल्या कंपनीला २५० दिरहम, मधल्या वर्गाला १,२००, सर्वांत खालच्या वर्गाला ३,४५०. सगळ्यात महाग परमिट धरलं तरी ते एजंटच्या आकड्यापेक्षा कमीच भरतं. मग बाकीचे पैसे कुठे जातात, हा प्रश्न त्याला विचारून बघा. उत्तर गमतीचं असतं.

आता भारताची बाजू. इथे नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क घ्यायची मुभा आहे, पण ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त नाही, आणि पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे तिकडचा कायदा म्हणतो कामगाराने काही देऊ नये, इकडचा म्हणतो मर्यादेत दिलं तर चालेल. या फटीत सगळा धंदा चालतो. पावती न देणारा एजंट नोंदणीकृत असला तरी त्याच्याकडून उठून या, असं माझं मत. रोख घेतलेल्या पैशाचा माग पुढे कोणालाच लावता येत नाही.

'फ्री व्हिसा' किंवा 'आझाद व्हिसा' घेऊ का? सगळेच घेतात म्हणे.

यावर जरा थांबू, कारण सर्वांत जास्त माणसं इथेच बुडतात.

कायद्यात 'फ्री व्हिसा' नावाचा प्रकार नाही. प्रत्यक्षात होतं असं : कुणाच्या तरी नावावर एक छोटी कंपनी असते, कधी नुसती कागदावरची. तिला कोट्यातून काही परमिटं मिळतात. तिचा मालक, म्हणजे कफील, ती परमिटं एजंटमार्फत विकतो. तुम्ही कागदावर त्याचे कामगार होता, त्याच्याकडे एक दिवसही काम करत नाही, आणि 'जा, कुठेही काम कर' असं सांगून तो मोकळा होतो. दोन वर्षांनी नूतनीकरण आलं की पुन्हा पैसे. मधेच त्याला वाटलं तर पुन्हा पैसे. त्यात फुकट काही नाही आणि मोकळीक तर त्याहून नाही.

तुम्ही ज्या दुकानात, साइटवर किंवा हॉटेलात प्रत्यक्ष काम करता, त्या मालकाच्या नावचं परमिट तुमच्याकडे नसतं. तपासणी आली की त्याच्या दृष्टीने तुम्ही बेकायदा कामगार. तुमच्या दृष्टीने तो असा मालक, ज्याच्याशी तुमचा करार नाही, ज्याच्या पगारपत्रकात तुमचं नाव नाही. त्याने तीन महिने पगार थकवला, तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? कागदावरचा मालक म्हणेल, हा माझ्याकडे आलाच नाही. वर तोच तुमच्यावर कामावर गैरहजर असल्याची तक्रारही टाकू शकतो, आणि कागदोपत्री ती खरी दिसेल. कामावर अपघात झाला तर भरपाई मागतानाही हीच गाठ.

'माझा चुलतभाऊ आठ वर्षं आझाद व्हिसावर आहे, काही झालं नाही' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही. काहींना होत नाही, खरं आहे. पण ज्याला होतं त्याच्या हातात दाद मागायला एक कागदही नसतो.

परमिट ज्या कामासाठी घेतलं त्याखेरीज दुसऱ्याच कारणाला वापरणं, आणि माणूस आणून त्याला काम न देणं, हे दोन्ही मालकासाठी मोठ्या दंडाचे गुन्हे आहेत. परमिट विकणारा कफील दोन्ही एकदम करतो.

व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधली तर?

शोधणं, मुलाखती देणं इथपर्यंत ठीक. काम करणं नाही, एक दिवससुद्धा नाही. 'ट्रायल', 'ट्रेनिंग', 'आठवडाभर बघू, मग परमिट टाकू' ही सगळी कामाचीच नावं आहेत. नोकरी पक्की झाली तर कंपनी परमिट काढून देशातल्या देशात स्थिती बदलून घेऊ शकते. परमिट हातात येईपर्यंत मात्र दुकानाच्या काउंटरमागे उभं राहू नका. पगाराशिवाय राहिलात तरी चालेल.

नोकरी शोधण्यासाठी ६०, ९० किंवा १२० दिवसांचा वेगळा व्हिसाही आहे. तो वरच्या कौशल्यश्रेणीतल्या लोकांसाठी आणि नामांकित विद्यापीठांच्या नव्या पदवीधरांसाठी आहे, आणि त्यावरही काम करता येत नाही.

मुदतीपलीकडे राहिलात तर दिवसाला ५० दिरहम दंड. महिन्याचे १,५०० झाले. नोकरी नाही, दंड वाढतोय, अशा अवस्थेत माणूस मिळेल ते काम मिळेल त्या पैशात धरतो. बेकायदा मजूर ठेवणाऱ्याला नेमका असाच माणूस हवा असतो.

ऑफर लेटर खरं की खोटं, कसं ओळखायचं?

कंपनीच्या लेटरहेडवरचं गोंडस पत्र म्हणजे ऑफर लेटर नव्हे. खरं ऑफर लेटर मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात असतं, त्यावर व्यवहार क्रमांक असतो आणि तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेतही ते मिळतं. त्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही. हिंदी प्रत मागून घ्या आणि तीन गोष्टी बघा : कंपनीचं नाव, कामाचा हुद्दा, मूळ पगार. मूळ पगार वेगळा का बघायचा, तर सेवा संपल्यावरची ग्रॅच्युइटी एकूण पगारावर नाही, मूळ पगारावर मोजतात. काही कंपन्या एकूण आकडा फुगवून मूळ पगार मुद्दाम चिमूटभर ठेवतात.

तिथे पोचल्यावर करार पुढे येतो, तो ऑफर लेटरपेक्षा वाईट असता कामा नये. म्हणून सही केलेल्या प्रतीचा फोटो घरच्यांच्या फोनवर पाठवून ठेवा.

एंट्री परमिटवर कामाऐवजी भेटीचा किंवा पर्यटनाचा उल्लेख असेल, तर एजंट काहीही सांगो, तो नोकरीचा व्हिसा नाही.

माझ्या पासपोर्टवर ईसीआर आहे. म्हणजे काय?

ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक असा शेरा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे तो असतो. अशांना अमिरातीसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. ही कटकट वाटते म्हणून पुष्कळ जण व्हिजिट व्हिसावर जातात. पण मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजना लागू होते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपयांचं संरक्षण, हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये. आडवाटेने गेलेल्याच्या नावावर हा विमा नसतो.

घरकामासाठी जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टच्या महिलांना वयाची ३० वर्षं पूर्ण असावी लागतात.

कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला. सगळ्यांचाच ठेवतात.

ठेवतात, आणि ते बेकायदा आहे. कामगाराची अधिकृत कागदपत्रं मालकाने अडकवून ठेवायची नाहीत, असं कायद्यातच लिहिलंय. व्हिसाच्या कामासाठी दोन-चार दिवस देणं वेगळं. 'सुरक्षित राहावा म्हणून' कपाटात बंद करणं वेगळं.

सुट्टीच्या दिवशी दुसरीकडे काम केलं तर चालेल?

पार्ट-टाइम परमिट घेऊन चालेल. त्याशिवाय मित्राच्या ग्रोसरीत शुक्रवारी चार तास बसणंसुद्धा परमिटबाहेरचं काम.

बायकोच्या किंवा नवऱ्याच्या व्हिसावर राहून नोकरी करता येते का?

येते. व्हिसा जोडीदाराच्या नावावरच राहतो, फक्त कंपनीने त्या प्रकारचं वर्क परमिट काढायचं. ते न काढता शिकवण्या, पार्लर किंवा ऑफिसची कामं 'घरच्याच व्हिसावर आहे ना' म्हणून करणारे खूप आहेत. राहण्याचा हक्क म्हणजे कामाचा हक्क नव्हे, हे पहिल्या प्रश्नातलंच उत्तर.

बेकायदा माणूस कामावर ठेवला तर मालकाला दंड किती?

आधी दंड ५०,००० ते २,००,००० दिरहम होता. २०२४ च्या फेडरल डिक्री-कायदा क्रमांक ९ ने तो १,००,००० ते १०,००,००० दिरहम केला. ही दुरुस्ती ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे.

कशासाठी? परमिटशिवाय माणूस ठेवणं. माणूस परदेशातून आणून त्याला काम न देणं. परमिटचा गैरवापर. कामगारांची देणी न देता कंपनी बंद करणं. अल्पवयीन मुलाला नियम मोडून कामाला लावणं (१५ वर्षांखालच्याला ठेवताच येत नाही, १५ ते १८ मध्ये खास परमिट लागतं). खोटी भरती दाखवणं हाही याच पट्ट्यातला गुन्हा, आणि त्यात जितकी माणसं खोटी दाखवली तितक्या पटीने दंड वाढतो.

किमान आकडाच लाखाचा झाल्यामुळे छोट्या दुकानदाराची मानसिकता बदलते आहे. पूर्वी 'पकडले तर बघू' म्हणणारा आता परमिट विचारतो. याचा एक वाईट परिणामही आहे. तपासणीची चाहूल लागली की असा मालक पहिल्यांदा बेकायदा माणसालाच मागच्या दाराने बाहेर काढतो, आणि पगार देत नाही.

आणि कामगाराला काय होतं?

त्याची देशाबाहेर रवानगी होऊ शकते आणि पुन्हा प्रवेशाला बंदी लागू शकते. साठलेला मुदतबाह्य मुक्कामाचा दंड वेगळाच. 'नवा पासपोर्ट काढून परत जाईन' हा सल्ला देणारे अजून भेटतात. तिथे बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन घेतात, आणि हद्दपार केलेला माणूस पासपोर्ट बदलला तरी डोळ्यावरून ओळखला जातो.

कंपनी सोडून निघून गेलो तर 'फरार' लागेल का?

सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात आणि ठिकाणा कळवला नाही, तर मालक तशी तक्रार करू शकतो. ती टिकली तर एक वर्ष नवं परमिट मिळत नाही (काही वर्गांना सूट आहे). तक्रार खोटी असेल तर मंत्रालयात ती रद्द करून घेता येते, पण त्यासाठी तुम्ही कामावर होता किंवा पगार मागत होता याचा पुरावा लागतो. मेसेज, हजेरीचे फोटो, बँकेचा तपशील, काहीही. मालकाशी भांडण झालं की बॅग उचलून मित्राच्या खोलीवर जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय. आधी तक्रार नोंदवा, मग जा.

नोकरी बदलायला कफीलची परवानगी लागते का?

जुन्या काळातल्या एनओसीसारखी नाही. नोटीस लागते. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. त्या काळात देशातल्याच दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर निदान एक महिन्याची लेखी नोटीस, आणि तुमच्या भरतीचा खर्च नवी कंपनी जुनीला देते, तुम्ही नाही. देश सोडून जायचं असेल तर १४ दिवसांची. नोटीस न देता गेलात तर एक वर्ष परमिट बंद. प्रोबेशननंतर नोटीस करारात लिहिली असेल तशी, ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान.

घरकाम करणाऱ्यांना हेच नियम का?

नाही. त्यांचा कायदा वेगळा : २०२२ चा फेडरल डिक्री-कायदा क्रमांक ९, लागू १५ डिसेंबर २०२२ पासून. घरकामगार, खासगी ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकी असे लोक त्यात येतात. १८ वर्षांखाली कोणाला ठेवता येत नाही. आठवड्याची सुट्टी आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवणं हे कामगाराचे हक्क. परमिटशिवाय ठेवणाऱ्याला ५०,००० ते २,००,००० दिरहम दंड, आणि मालक एखादं घर असलं म्हणून तो कमी होत नाही. एका घराच्या नावावर आणून शेजारच्या तीन घरी धुणीभांडी करायला पाठवणं हीसुद्धा 'आझाद व्हिसा'चीच धाकटी बहीण.

पगार थकलाय. तक्रार केली तर व्हिसाच कॅन्सल करतील ना?

ही भीतीच मालकाचं भांडवल असतं. कायदेशीर परमिटवर असाल तर पगार डब्ल्यूपीएसमधून, म्हणजे बँकेमार्फत येतो, आणि न आलेला पगार मंत्रालयाला आपोआप दिसतो. ही पद्धत २००९ पासून आहे. ठरल्या तारखेनंतर १५ दिवस गेले की मालक थकबाकीदार.

तक्रार मंत्रालयाकडे करायची. १ जानेवारी २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादांचा निकाल मंत्रालय स्वतःच देऊ शकतं. मोठा दावा कोर्टात जातो, पण १,००,००० दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी नाही. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांत दावा करता येतो. भाषा, अर्ज, कायद्याचा सल्ला यांसाठी दुबईतलं भारतीय सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. तिथे जायला लाजू नका.

पुन्हा माफी योजना आली की कागद सरळ करून घेईन, चालेल?

शेवटची मोठी योजना १ सप्टेंबर २०२४ ते ३१ डिसेंबर २०२४ अशी होती. आधी दोन महिन्यांची जाहीर झाली, मग वाढवली. त्यात बेकायदा राहिलेल्यांना दंड माफ होऊन घरी जाता आलं किंवा नोकरी मिळवून कागद नीट करता आले. पुढची कधी हे सरकार आधी सांगत नाही. तोवर रोज ५० दिरहम चालू असतात.

व्हिसा कॅन्सल करताना कंपनीने कागदावर सही मागितली. करू?

आधी वाचा. त्या कागदावर बहुधा 'माझी सर्व देणी मिळाली' असं लिहिलेलं असतं. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटी वर्षभर सेवा झाली असेल तर मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. परतीचं तिकीटही कंपनीचंच, तुम्ही दुसऱ्या कंपनीत लागला नसाल आणि नोकरी तुमच्या चुकीने गेली नसेल तर. पीआरओ, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस, घाईत असतो, 'सही करा, पैसे उद्या खात्यात येतील' म्हणतो. त्याला सांगा, पैसे खात्यात येऊ देत, सही उद्या करतो.